लाईन क्लियर

इंग्रजीच्या सरांनी आठवीत या शब्दाचा
एकच अर्थ दिला होता: रेषा.
चार लाईनींच्या वहीत आम्ही
स्मॉल जी-चं शेपूट खाली ओढायचो.
बाकीचे अर्थ सर सांगून गेले नाहीत.
ते फोनवर कळले.

करपरेच्या अलीकडे, गावाबाहेर, तारेच्या कुंपणात
आमचं सबस्टेशन. चार फिडर, एक पंखा,
एक काळा फोन, एक रजिस्टर
आणि नाईट असली की मी.
"मॅडम, लाईन कव्हा यायली?"
का गेली, असं कोणी विचारत नाही.
लाईन गेली, लाईन आली,
सासरी न टिकणाऱ्या पोरीसारखी.

माझी आई सांगते, पोरीनं लाईन बदलली.
आर्ट्सला होते, मराठी घेणार होते,
मग सेलूच्या आयटीआयला वायरमनच्या वर्गात
एकोणचाळीस पोरं आणि मी.
स्थळं विचारतात, मुलगी कोणत्या लायनीत?
आई म्हणते, लाईनीच्याच.
पाहुणे हसतात.
नाईट असते म्हटलं की हसायचे थांबतात.

आणि एक पोरगा. रोज अकरानंतर.
"मॅडम, लाईन द्या ना."
मागं तिघाचौघांचं खिदळणं.
दोन अर्थाचं वाक्य अंधारात फेकायचं
आणि कुठं पडतं ते ऐकत बसायचं.
मी त्याची लाईन कापते.
हाही एक अर्थ.

सतरा तारखेला वाऱ्यानं
वडाची फांदी तीन नंबरच्या फिडरवर आली.
वाजेदभाईंनी परमिट मागितलं.
मी फिडर पाडला, हँडलला कुलूप, चावी मुठीत.
"लाईन क्लियर," मी म्हणाले.
"लाईन क्लियर," ते म्हणाले.
एकानं म्हणून भागत नाही.
याचा अर्थ, खांबावर एक माणूस चढतोय
आणि त्यानं आपले दोन्ही हात
माझ्याकडे ठेवायला दिलेत.

बारा वाजले. एक.
त्यांचा नंबर संपर्कक्षेत्राच्या बाहेर.
बाकी सगळा तालुका संपर्कात.
टेलर: उद्या हळद, सात ब्लाऊज, एकाला बाही नाही.
कुल्फीवाल्यानं काही मागितलं नाही,
नुसतं म्हणाला, वितळायली.
सरपंचाचा भाऊ म्हणाला, तुम्हाला लायनीवर आणावं लागतंय.
मी म्हणाले, लायनीवर माणूस आहे.

दीड वाजता तो पोरगा.
मागं कोणी नव्हतं.
"मॅडम, लाईन द्या. अण्णाला वाफेचं मशीन लावायचंय."
त्या वाक्याला पहिल्यांदाच एक अर्थ होता
आणि तो मला देता येत नव्हता.
मुठीत चावी ओली झालेली.
घरात कोण आहे?
माय.
तिला पातेल्यात पाणी उकळायला लाव. गाडी आहे?
हाव.
मग खांब धरून जा. वडापर्यंत. टॉर्च खाली मार, वर नको.
खाली का, ते त्यानं विचारलं नाही.

तीन वाजून दहा. गेटवर उजेड.
मागच्या सीटवर वाजेदभाई, कोपर खरचटलेलं,
हातात मेलेला मोबाईल.
काम कव्हाच झालं होतं. फटफटी पंक्चर, बॅटरी संपलेली.
वस्तीवर गेले चार्जिंगला लावायला
आणि पिन हातात धरून उभे राहिले.
"लाईनच नव्हती ना, मॅडम.
मग निघालो चालत, तारांच्या खालून."

रजिस्टरच्या पानावर एकच ओळ उरलेली.
मी डावीकडून वेळ लिहीत गेले,
त्यांनी उजवीकडून उर्दूत सही केली.
मधे बोटभर जागा राहिली.
"लाईन क्लियर," ते म्हणाले, या वेळी समोर उभं राहून.
"लाईन क्लियर."
पोरगा थांबला नाही, किक मारून गेलाही.

मी हँडल वर केलं.
मग फोन एकदम गप्प.
लाईन आली की कोणी फोन करत नाही.